कुळथाच्या पिठीचा रंग : देवगडच्या गुरुजींना उत्तर

गुरुजी, नमस्कार.

जुन्या शाईपेनांच्या दुरुस्तीवरच्या माझ्या लेखाला तुम्ही दिलेल्या प्रतिक्रियेखाली 'निवृत्त शिक्षक, देवगड तालुका' एवढंच लिहिलंय, म्हणून गुरुजी म्हणतोय. शाळेत लाल शाईने शेरा मारलेली वही हातात पडायची तेव्हा पोटात जो गोळा यायचा, तो तुमची प्रतिक्रिया वाचताना पुन्हा आला. दोन दिवस काही लिहिलंच नाही. आज पाऊस जरा उघडलाय, पडवीत बसून लिहितोय.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. गुरुजींचे वडील तलाठी होते. ड्रॉपरने शाई भरायचं त्यांचं काळं पेन इतकी वर्षं घरात जपून ठेवलेलं. 'जुनं पेन हाती आलं की आधी रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा' हे माझ्या लेखातलं वाक्य वाचून गुरुजींनी ते पेलाभर पाण्यात ठेवलं आणि सकाळी काळंभोर पेन 'कुळथाच्या पिठीसारखं' दिसायला लागलं. पुढे त्यांनी विचारलंय की जुन्या वस्तू उघडून, घासूनपुसून तुम्ही त्यांच्या धन्याची खूणच पुसून टाकता, ती तशीच का राहू देत नाही? फोटोतल्या एका पेनावरचे दातांचे व्रण कोणाला विचारून घालवलेत? आणि जाता जाता, भंगारातून पन्नास रुपयांना घेऊन हजारात विकण्याचा टोमणा.

पाण्याचं आधी. चूक माझी आहे, आणि ती तुम्हाला वाटते त्यापेक्षा मोठी आहे.

तो लेख २०१९ चा. तेव्हा माझ्या हातात येणारी पेनं बहुतेक प्लास्टिकची असायची, चिनी हिरो वगैरे. त्यांना रात्रभर पाण्यात ठेवलं तर काही बिघडत नाही. तुमच्या वडिलांचं पेन एबोनाइटचं असणार. एबोनाइट म्हणजे रबरच. पण टायरच्या रबरात गंधक चिमूटभर असतं, इथे ते तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास घालून तासन्‌तास तापवतात. मग ते लाकडासारखं कडक होतं, लेथवर कातता येतं. एबनी म्हणजे आबनूस, त्या काळ्या लाकडावरूनच हे नाव पडलं. आपल्याकडे ड्रॉपरवाली पेनं वर्षानुवर्षं याचीच बनत आली आणि काही कारागीर आजही बनवतात.

या एबोनाइटचं दुखणं म्हणजे ऊन. उजेडाने वरच्या थरातलं गंधक हळूहळू हवेशी संयोग पावतं आणि थर कमजोर होतो. वरून मात्र पेन काळंच दिसत राहतं. मग एक दिवस कोणीतरी त्याला पाणी दाखवतं आणि इतक्या वर्षांत झालेलं नुकसान एका रात्रीत तपकिरी होऊन वर येतं. गरम पाणी असेल तर रात्रही लागत नाही.

हे मला कधी कळलं ते सांगतो, म्हणजे चूक केवढी ते समजेल. २०२१ च्या जुलैत वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, त्यानंतर तिथल्या एका घरातून माझ्याकडे सहा पेनं आली. सगळी एबोनाइटची, सगळी चिखलाने माखलेली. त्यातली चार टेबलावरच्या स्टँडमध्ये उभी असायची आणि दोन लोखंडी पेटीत, कापडात गुंडाळलेली. पाण्यात सगळी सारखीच भिजली होती. धुतल्यावर स्टँडमधली चारही खाकी निघाली, पेटीतली दोन जवळजवळ होती तशी काळी. त्या दिवशी डोक्यात प्रकाश पडला. पण जुन्या लेखातलं वाक्य बदलायला मी गेलो नाही. राहून गेलं, दुसरं काही कारण नाही. काल ते बदललं. तुमच्या पेनाला त्याचा उपयोग शून्य.

आता एक काम करा. टोपण काढा आणि नळीचा जो भाग टोपणाखाली झाकला जातो तो उजेडात धरून बघा. तो बाकीच्या नळीपेक्षा काळा दिसेल, मध्ये रेघ आखल्यासारखी. मग टोपण आणि नळी शेजारी शेजारी ठेवा. टोपण जास्त तपकिरी असेल तर माझा अंदाज असा की वडील पेन सदऱ्याच्या खिशाला लावून फिरत. खिशात नळी आत राहते, ऊन खातं ते टोपण. तलाठी म्हणजे पीकपाहणीला बांधाबांधावरून चालणं आलंच. तो तपकिरी रंग माझ्या सल्ल्याने वर आला हे खरं, पण तो मुरला त्यांच्या चालण्यात.

काळा रंग परत येईल का? नाही. पॉलिश पेपरने वरचा थर खरवडून खालचं काळं काढता येतं. करणारे करतात, फोटोही झकास येतात. काही जण काळा रंगच फासतात. तुमच्या पेनाला यातलं काही करू नका, कारण त्या थराबरोबर नळीवरची अक्षरं जातात. अक्षरं आहेत की नाही हे डोळ्यांना दिसणार नाही कदाचित. पांढरा खडू घ्या (तुमच्या घरात तो नसेल असं मी मानतच नाही), नळीवर आडवा हलकेच फिरवा आणि बोटाने पुसून टाका. कोरीव खाचांत पांढरी भुकटी राहते आणि काहीच नाही असं वाटणाऱ्या नळीवर कंपनीचं नाव, कधी गावाचं नाव उमटतं. कितीही वेळा केलं तरी मला त्याची मजा वाटते.

आणि पेन धुवायचं कसं, तेही आता नीट सांगतो. आधी नळी अंगठ्याने अर्धा मिनिट जोरात चोळायची आणि वास घ्यायचा. फटाक्याच्या दारूसारखा, जळक्या रबरासारखा गंधकाचा वास आला की एबोनाइट. मग पाण्यात नळी नाही, नळीत पाणी. ड्रॉपरने भरायचं, हलवायचं, ओतायचं, निळं यायचं थांबेपर्यंत. निब आणि तिच्याखालची जीभ निघत असेल तर ती वेगळी काढून, कानात मारायच्या रबरी पिचकारीने आरपार पाणी सोडायचं. भांडी घासायच्या साबणाचा एखादा थेंब चालतो. गरम पाणी नको आणि स्पिरिट तर नकोच नको. सेल्युलॉइड म्हणजे जुन्या काळचं प्लास्टिक; ते आणि इतर काही प्लास्टिकं त्यात विरघळायला लागतात.

आता तुमचा खरा मुद्दा, तशीच का राहू देत नाही हा. इथे मी भांडणार आहे.

माझे आजोबा मुंबईला गोदीत कारकून होते. आजीला महिन्याची मनीऑर्डर यायची आणि मागोमाग पत्र, हिरव्या रेघारेघांच्या सेल्युलॉइडच्या पेनाने लिहिलेलं. त्या पेनाच्या बाजूला एक छोटी तरफ होती; ती उचलली की आतली रबरी पिशवी दाबली जाते, सोडली की शाई ओढून घेते. आजोबा गेल्यावर पेन फडताळात गेलं. तसंच राहू दिलं गेलं, अगदी तुम्ही म्हणता तसंच. मी सोळा वर्षांचा असताना ते बाहेर काढलं तेव्हा हलवल्यावर खुळखुळ्यासारखं वाजायचं. पिशवीचं रबर वाळून, तडकून त्याचे काळे तुकडे आत पडले होते. आतली दाबपट्टी गंजलेली. शाईचे अवशेष आणि आपली खारी हवा, दुसरं काय होणार? आणि हिरवा रंग नळीत जिथे पिशवी होती तेवढ्याच भागात मळकट पिवळा झालेला, कारण रबर कुजताना त्यातून जे गंधकाचे वायू सुटतात ते सेल्युलॉइडला आतून डागतात. कोणी हातही लावला नव्हता, तरी हे झालं होतं. वेळेवर उघडून ती पिशवी काढली असती तर वाचलं असतं.

वाचलं असतं म्हणतोय, पण ते पेन संपवलं मीच. पुढचा भाग नळीत घट्ट बसला होता. उष्णतेने सैल होतो हे कुठेतरी ऐकलं होतं, म्हणून मेणबत्तीवर धरलं. सेल्युलॉइडमध्ये कापूर असतो हे कुठे माहीत होतं? आरतीतला कापूर पेटावा तसं ते भप्पकन पेटलं आणि घरभर वासही देवघरासारखाच सुटला. निब तेवढी राहिली. आजी दारात उभी. म्हणाली, "मेल्या, तां पेन आसा की खेळणां?" आणि आत गेली. त्यावर पुन्हा कधी एक शब्द बोलली नाही.

तेव्हापासून मी आग वापरत नाही आणि जे परत काढता येणार नाही ते लावत नाही. आता पिशवी बदलतो ती लाखेने चिकटवून. सुतार पॉलिशसाठी वापरतात तो चपडा स्पिरिटमध्ये मधासारखा दाट विरघळवायचा, पुढच्या भागाच्या ज्या टोकावर पिशवी बसते तिथे फिरवायचा, पिशवी चढवायची, रात्रभर वाळू द्यायचं, वरून टाल्कम पावडर चोळायची. पिशव्या नंबराने मिळतात आणि नंबर म्हणजे इंचाचा चौसष्टावा भाग; सोळा नंबर म्हणजे पाव इंच. लाख शाईला दाद देत नाही, पण बेताची ऊब दिली की सोडून देते. माझ्यानंतर ते पेन ज्याच्या हाती जाईल त्याला ते न तोडता उघडता येईल. झटपट चिकटणाऱ्या गोंदाने जोडलेली पेनं माझ्याकडे येतात ना, गुरुजी, तेव्हा ती परत करताना मला शरम वाटते. दुसऱ्याची, पण वाटते.

उघडूच नये अशीही पेनं आहेत. १९४८ नंतरच्या पार्कर ५१ मध्ये रबराऐवजी प्लास्टिकची पिशवी आहे, आणि ती अजून बहुतेकांत ठणठणीत असते. पाण्याने दहा-बारा वेळा भरून रिकामी करायची, संपलं. तिथे हात शिवशिवले तर पाठीमागे बांधून ठेवावेत.

दातांचे व्रण. ते पेन मालकिणीने पाठवलं होतं आणि व्रण काढा असं तिनेच सांगितलं होतं. लेखात ते लिहायला हवं होतं, लिहिलं नाही. पण न सांगता माझ्यावर सोपवलं असतं तरी मी काढले असते कदाचित, हे कबूल करतो. एबोनाइटला पूर्वीचा आकार आठवतो, उबेने दाबलेली जागा पुष्कळशी वर येते, भरावं-घासावं लागत नाही. आणि माणसाची खूण दातांत असते असं मला वाटत नाही. ती निबेत असते. निबेच्या टोकाला इरिडियम म्हणून ओळखला जाणारा कठीण धातूचा मणी असतो. तोसुद्धा वीस-तीस वर्षांत झिजतो आणि लिहिणाऱ्याच्या हाताच्या कोनातच झिजतो. भिंगाखाली धरा, मण्याला एका बाजूला सपाट तळवा पडलेला दिसेल. मूळ माणसाने धरलं तसं पेन धरलं तर ते लोण्यासारखं चालतं. आपल्या सवयीने धरलं की कागदावर करकरतं. बोरू तासताना तुम्ही मुलांना कोन शिकवला असेल, तर इथे तोच कोन हाताने स्वतः तासलेला असतो. लोक म्हणतात, करकर घालवा. बारीक पॉलिश पेपरवर पाच मिनिटांचं काम आहे. मी त्यांना आधी पेन दहा-बारा वेळा हातात फिरवून बघायला सांगतो, कुठेतरी ते गप्प होतं. तिथे बोटं कशी आहेत ते बघा, तुमचे आजोबा पेन असं धरायचे. त्यानंतर करकर घालवायचा आग्रह बहुतेक कोणी धरत नाही.

पैशाचं काय सांगू? भंगारवाल्याकडून घेतो, हो. विकतोही कधी कधी, नाहीतर पिशव्या आणि निबा कुठून येणार? हजारात गेलेली दोनच, आणि त्यांच्या निबा चौदा कॅरट सोन्याच्या होत्या.

तुमच्या पेनाकडे परत येतो. निब काळी पडलीय असं तुम्ही लिहिलंय. पोलादी असेल आणि वडील सरकारी कागदांसाठी टिकाऊ ब्लू-ब्लॅक वापरत असतील तर नवल नाही. त्या काळच्या बऱ्याच ब्लू-ब्लॅक शायांत हिराकस, म्हणजे लोखंडाचा एक क्षार, असायचं. अक्षर दिवसागणिक काळं होत जायचं आणि सातबाऱ्यावर पक्कं बसायचं, पण पोलादाला ती शाई खाते. निब घासू नका. कुरियरने पाठवूही नका. मी चतुर्थीच्या आधी देवगडला येणार आहे, तेव्हा घरी येऊन बघेन. तुमच्यासमोरच उघडेन आणि तुम्ही थांब म्हणालात तिथे थांबेन. तोवर खडूचा प्रयोग करा आणि जमल्यास टोपण काढून एक फोटो पाठवा.

राहवलं नाही आणि शाई भरलीतच, तर नळीच्या आट्यांना सिलिकॉन ग्रीस लावल्याशिवाय भरू नका, आणि शाई तळाला गेली की लगेच परत भरा. अर्धं रिकामं ड्रॉपर पेन हातात धरलं की आतली हवा उबेने फुगते आणि निबेतून शाईचा टपोरा थेंब ढकलते. आणि खिशाला लावून बाजारात जाणार असाल तर पांढरा सदरा नको.