मारू नकोस, रजा अडव

लेकरा, संभाजीनगरच्या सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्थेत घाम गाळलास, एनडीएत लागलास, खांद्यावर दोन तारे आले. गावाच्या फाट्यावर तुझं बॅनरही झळकलं. आता साहेबकी कशी करायची, तेवढं ऐक.

सुरुवात सहायकापासून, म्हणजे तुझ्या दिमतीला दिलेल्या जवानापासून. कागदावर त्याचं काम तुझी वर्दी आणि हत्यार सांभाळायचं. तू त्याला भाजी आणायला धाड, कुत्रं फिरवायला लाव. 2008 मध्ये संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीनं ही पद्धतच बंद करा म्हटलं होतं. समित्या म्हणतच असतात. पोरगं कंधार-उदगीरकडचं निघालं तर नशीबच तुझं. घरी कोरडवाहू जमीन, बहिणीचं लग्न तोंडावर. नोकरी टाकून जातंय कुठं?

हात शिवशिवले तर आधी आर्मी ॲक्ट, 1950 उघड. कलम 47: हाताखालच्याला मारलं किंवा छळलं तर 7 वर्षांपर्यंत कैद. घाबरलास? मग कलम 40 बघ. तू ड्युटीवर असताना त्यानं तुझ्यावर हात टाकला तर 14 वर्षांपर्यंत, नुसतं उद्धट बोलला तरी 5 पर्यंत. तुझ्या गालाचा भाव दुप्पट आहे, हे मोंढ्यात कुणाला सांगू नकोस.

तो तक्रार करील म्हणतोस? करू दे की. कलम 26 प्रमाणे ती आपल्याच अधिकाऱ्याकडे करायची. तोच छळत असेल तर त्याच्या वरच्याकडे. पूर्ण चौकशी करावी असंही लिहिलंय, आणि चौकशी करणारे रात्री तुझ्याच मेसमध्ये जेवतात. जाणूनबुजून खोटी तक्रार केली असं ठरलं तर कलम 56 खाली 5 वर्षांपर्यंत त्यालाच. पेपरवाल्यांकडे परवानगीशिवाय जाता येत नाही, ती सोय कलम 21 नं केलीय.

तरी एखादा चिवट निघतो आणि सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या गोष्टी करतो. 2007 चा कायदा आहे, मुंबईत खंडपीठ आहे, नंदिग्राम एक्स्प्रेस तिकडंच जाते. जाऊ दे त्याला. त्या कायद्यानं बदली आणि कुठल्याही प्रकारची रजा न्यायाधिकरणाच्या कक्षेतून आधीच बाहेर ठेवलीय. कायदा करणारे तुझ्याहून हुशार होते, बरं का.

म्हणून मारायच्या फंदात पडूच नकोस, वळ दिसतात. आई लातूरला दवाखान्यात आहे असा त्याचा अर्ज आला की ‘बघू’ म्हण. पोळा जाऊ दे, सोयाबीन काढून होऊ दे, दिवाळीला परत ‘बघू’ म्हण. न राहवून तो तसाच निघून गेला तर काळजी नको. विनापरवाना गैरहजेरी, कलम 39, 3 वर्षांपर्यंत.