कॉम्प्युटर थंड, मालक गरम

आमचा कॉम्प्युटर स्वतःच्या तब्येतीला फार जपतो. प्रोसेसर जरा तापला की पोटातले सगळे पंखे एकदम घोंगावायला लागतात. मागून निघालेली गरम हवा भिंतीवर आपटते आणि टेबलाखालून थेट माझ्या पोटऱ्यांवर येते. स्क्रीनच्या कोपऱ्यात प्रोसेसर ६५ अंशांवर निवांत असल्याचं दिसतं. माझा सदरा मात्र खुर्चीला चिकटलेला असतो, आणि ते दाखवणारं सॉफ्टवेअर अजून कुणी काढलेलं नाही.

या दुखण्यावर औषध सांगणारे उदंड. बहुतेकांचं औषध एकच: आणखी एक पंखा लाव. पुतण्या म्हणाला, "काका, लिक्विड कूलिंग घ्या. पाणी सगळी उष्णता शोषून घेतं." घेतं ना! आणि नळीतून रेडिएटरपर्यंत नेऊन सोडतं. रेडिएटर त्याच डब्यात, डबा त्याच खोलीत, खोलीत मी. पंखा काय, पाणी काय, दोघंही हमाल. माल खोलीतच उतरवणार.

कॉम्प्युटर जेवढी वीज खातो, तेवढी जवळजवळ सगळी शेवटी उष्णता होऊन खोलीत येते. तुम्ही त्यावर गणितं सोडवा नाहीतर पत्ते खेळा, ४०० वॉट ओढले की ४०० वॉटचा हीटर लागलाच. स्वस्थ बसलेला माणूस साधारण १०० वॉट उष्णता टाकतो. म्हणजे चिरंजीव गेम खेळायला बसले की खोलीत न बोलावलेले चार पाहुणे हजर. बरं, एसी लावावा, तर एक टनाचा एसी तासभरात जेमतेम ३.५ किलोवॉट-तास उष्णता बाहेर काढणार, आणि त्यातला नववा हिस्सा या पाहुण्यांवर जाणार. आधी वीज जाळून त्यांना आत घ्यायचं, मग वीज जाळूनच हाकलायचं.

शेवटी प्लगला लावायचा वॉटमीटर आणला. तेव्हापासून घरात माझ्याशी कुणी मोकळेपणाने बोलत नाही. राउटर, दोन मॉनिटर, बॅकअपची हार्ड डिस्क, सगळ्यांची झडती झाली. मॉनिटरचा ब्राइटनेस उतरवला, कॉम्प्युटर रिकामा असला की दहा मिनिटांत झोपेल अशी सोय केली. पण ही सगळी चिल्लर. मोठा मासा एका संध्याकाळी सापडला. मीटरवर ३८० वॉट, आणि चिरंजीव आरामात मोबाइल बघत बसलेले.

"अरे, गेम बंद कर की!"

"बाबा, मी खेळतच नाहीये. नुसता मेनू उघडाय."

नुसता मेनू! त्या चार ओळींच्या स्थिर चित्रासाठी ग्राफिक्स कार्ड सेकंदाला शेकडो फ्रेम, म्हणजे तेच चित्र पुन्हा पुन्हा, काढत होतं, कारण थांब म्हणून त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. सेटिंगमध्ये ६० फ्रेमची मर्यादा घातली आणि आकडा धाडकन १४० वर आला. इतक्या कमी कष्टात एवढा गारवा मला आयुष्यात मिळाला नव्हता.

मग कार्डाची पॉवर लिमिट, म्हणजे त्याने जास्तीत जास्त किती वीज ओढायची ती मर्यादा, ७० टक्क्यांवर आणायचा विषय काढला. घरात सुतकी कळा. "गेम अडकेल, बाबा!" वास्तविक वेगाची शेवटची थोडीशी वाढ मिळवायला कार्डाला व्होल्टेज चढवावं लागतं, आणि वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. तेवढा हट्ट सोडला की वीज भरपूर वाचते आणि वेग किंचितच उतरतो. हे समजावण्यात माझा घसा बसला. तो ऐकेना, म्हणून न सांगताच लिमिट उतरवली. आठवडा गेला तरी त्याला पत्ता नव्हता. सांगितल्यावर मात्र ताबडतोब गेम अडकायला लागला.

उरलेल्या उष्णतेसाठी लांब केबली घेतल्या आणि डबाच पॅसेजमध्ये नेऊन ठेवला. खोली निवली. बायकोने मात्र पहिल्याच दिवशी विचारलं, "अहो, ही भट्टी माझ्या वाटेत कुणी मांडली?" मी गप्प बसलो. पुढे तिच्या लक्षात आलं की डब्याच्या मागे टाकलेले ओले मोजे भराभर वाळतात. आता कपडे धुऊन झाले की तीच मुलाला हाक मारते, "काय रे, आज खेळणार नाहीस का?" आणि परवा तर मला बाजूला घेऊन विचारलं, ते सत्तर टक्के पुन्हा शंभर करता येतात का.