नवी क्यूसू उकळू नका

जपानमधील नागोयात राहणारी मराठी कुटुंबे एखाद्या रविवारी जवळच्या तोकोनामे या कुंभारकामाच्या गावी जातात, मातीचे जुने पाइप आणि बाटल्या रचून बांधलेल्या चढावर फोटो काढतात आणि परतताना लाल मातीची, बाजूला दांडी असलेली चहाची किटली, म्हणजे क्यूसू, घेऊन येतात. संध्याकाळी मला फोन येतो की ही वापरायला काढण्याआधी चहाची पत्ती घालून तासभर उकळायची ना? माझे उत्तर ठाम आहे: नाही.

ठामपणा अनुभवातून आला आहे. माझी पहिली क्यूसू मी अशीच पातेल्यात घालून उकळली होती. आजी नवे मडके रात्रभर पाण्यात भिजवून त्यात तांदळाची पेज शिजवायची. मातीचे भांडे आधी मुरवावे लागते हे तेव्हापासून डोक्यात बसलेले. शेजारच्या खोलीत मी फोनवर बोलत राहिलो आणि इकडे झाकण उकळत्या पाण्यात किटलीवर थडथड आपटत राहिले. गॅस बंद केला तेव्हा झाकणाच्या कडेचा मसुराएवढा टवका उडालेला होता. त्यानंतर त्या किटलीतून चहा ओतला की झाकणाच्या फटीतून एक ओघळ हमखास हातावर यायचा.

आजीचे चुकत नव्हते. तिचे मडके कमी आचेवर भाजलेले आणि सच्छिद्र होते, आणि पेजेतील स्टार्चने ती छिद्रे बुजत. भात शिजवण्याच्या जपानी मातीच्या भांड्यांतही, म्हणजे दोनाबेंतही, याच कारणासाठी आधी पेज शिजवतात. तोकोनामेची लाल माती, जिला शुदेइ म्हणतात, मात्र लोहयुक्त आणि अतिशय बारीक कणांची असते, आणि भट्टीत हजार अंशांहून बऱ्याच अधिक तापमानाला ती घट्ट होते. तिच्यावर काचेसारखा लेप नसला तरी ती पाझरत नाही, त्यामुळे पेजेने बुजवण्यासारखे तिथे काही उरलेलेच नसते.

पत्तीसह उकळण्याचा सल्ला चीनमधील यीशिंगच्या किटल्यांचा आहे आणि त्याची सरमिसळ होण्यामागे थोडा इतिहासही आहे. तोकोनामेत सुगिए जुमोन यांनी १८५४ साली शुदेइची किटली घडवली आणि १८७८ साली कोइए होजू यांनी जिन शिहेंग या चिनी जाणकाराला बोलावून यीशिंगची घडण तिथल्या कारागिरांना शिकवायला लावली. नाते खरे आहे, पण म्हणून तिकडचा प्रत्येक विधी इकडे लागू होत नाही.

नव्या क्यूसूत खरोखर काढायचे असते ते म्हणजे भुकटी. चांगल्या क्यूसूचे झाकण तिच्याच तोंडावर बारीक वाळूसारख्या पुडीने घासून बसवलेले असते, म्हणून ते इतके चपखल फिरते, आणि त्या घासण्याची पूड कधी कधी कडेला किंवा आतल्या जाळीत राहून जाते. कोमट पाण्याने आतबाहेर धुवावे, झाकणाची कड मऊ ब्रशने हलकेच साफ करावी, मग गरम पाणी भरून पाच मिनिटे ठेवून ओतून द्यावे, आणि हे दोनतीनदा करावे. साबण नको, लेप नसलेल्या मातीत त्याचा वास रेंगाळतो आणि सेंचासारख्या नाजूक चहात तो लगेच कळतो. पहिला चहा बान्चा या स्वस्तातल्या साध्या जपानी चहाचा करून टाकून दिला तरी पुरे. एकूण काम अर्ध्या तासाचेही नाही.

कष्ट घ्यायचेच असतील तर ते रोजच्या वाळवण्यात घ्यावेत, कारण जुलैतल्या इथल्या दमट हवेत रात्रभर ओली पत्ती आत राहिली की बुरशी धरते. पत्ती काढून किटली पाण्याने विसळावी, जाळीत अडकलेले कण निघावेत म्हणून तोटीतून उलटी धार सोडावी, आणि झाकण बाजूला ठेवून वाळवावी. पालथी घालू नये, वाफ आत कोंडते.

आणि तोटीच्या टोकावरची ती पारदर्शक प्लास्टिकची नळी! ती केवळ वाहतुकीत टोक फुटू नये म्हणून लावलेली असते, तरी वर्षानुवर्षे तशीच ठेवणारी घरे मी पाहिली आहेत. एका स्नेह्यांकडे मी न विचारताच ती ओढून काढली, तर आतल्या कडेला काळपट चिकट थर होता आणि त्यात पत्तीचे तुकडे रुतलेले होते. त्यांनी तिथल्या तिथे ती कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि किटली पुन्हा धुवायला घेतली.