रायफल खुळखुळते म्हणून नेम जातो? एका फिरत्या मेसेजला उत्तर

मुंबईतल्या नेमबाजांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. सोबत एआर-१५ जातीच्या अमेरिकन रायफलचा व्हिडिओ आहे. एक हात वरच्या भागावर, एक खालच्या, आणि दोन्ही भाग एकमेकांवर हलताना स्पष्ट दिसतात. खाली मजकूर असा (रिसीव्हर म्हणजे रायफलीचा मधला धातूचा सांगाडा, ग्रुप म्हणजे टार्गेटवर एकत्र पडलेल्या छिद्रांचा घोळका): ‘रिसीव्हरचे दोन भाग हलत असतील तर नेम लागूच शकत नाही. मध्ये रबर, टेप किंवा एम-सील भरा, स्क्रू पिळून घट्ट करा. एअर रायफललाही हाच उपाय. जितकी घट्ट, तितका ग्रुप लहान.’

हे वाचून पालक मुलांच्या महागड्या रायफली उघडून बसतात आणि नीट बसलेली अ‍ॅक्शन, म्हणजे गोळी भरणारी-उडवणारी यंत्रणा, बिघडवतात. म्हणून एकेक वाक्य घेऊ.

‘दोन भाग हलत असतील तर नेम लागूच शकत नाही’

एआरमध्ये नळी, बोल्ट आणि दुर्बीण किंवा साइट, सगळं वरच्या रिसीव्हरवर असतं. खालच्या भागात ट्रिगर, मॅगझिनची जागा, ग्रिप आणि मागचा कुंदा. दोघांना जोडणाऱ्या दोन पिना, पुढची पिव्हट आणि मागची टेकडाउन, पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर जाडीच्या असतात. एका कंपनीचा वरचा भाग दुसऱ्या कंपनीच्या खालच्या भागावर बसावा आणि पिन ढकलून रायफल साफसफाईला उघडता यावी, म्हणून तिथे थोडा प्ले, म्हणजे ढिलाई, असतोच.

आता हिशेब करा. दोन पिनांमधलं अंतर सुमारे १६० मिलिमीटर. मागच्या पिनेला फक्त ०.१ मिलिमीटर प्ले धरला, तरी तेवढ्या कोनाने १०० मीटरवर ६२ मिलिमीटरचा फरक पडायला हवा. व्हिडिओतला प्ले त्याहून मोठा आहे. म्हणजे मेसेज खरा असता तर अशा रायफलीने १०० मीटरवर सहा सेंटिमीटरच्या आतला ग्रुप कधीच दिला नसता. प्रत्यक्षात खुळखुळणाऱ्या एआर याहून कितीतरी लहान ग्रुप देतात. कारण साधं आहे: साइट आणि नळी एकाच तुकड्यावर आहेत. खालचा भाग हलला तरी त्या दोघींमधलं नातं बदलत नाही. साइट जिकडे बघते, तिकडेच नळी बघते.

उरतो तो हाताला जाणवणारा फरक. ट्रिगर ओढताना खालचा भाग किंचित सरकतो, खांद्याचा आणि गालाचा दाब दर वेळी सारखा पोचत नाही. ते खटकत असेल तर मागच्या लगखाली (वरच्या भागाच्या ज्या कानातून पिन जाते त्याखाली) मऊ प्लास्टिकची पाचर घालतात. ती थोडी थोडी तासत जायची, पिन अंगठ्याने ढकलून बसेपर्यंत. पिनेला हातोडी लागली तर पाचर जाड आहे. काही खालच्या रिसीव्हरना यासाठीच नायलॉनच्या टोकाचा छोटा स्क्रू दिलेला असतो. दोन्ही उपाय सोयीचे आहेत, पण त्यांनी ग्रुप लहान होईल अशी आशा धरू नये.

‘एअर रायफललाही हाच उपाय’

इथे मेसेज सगळ्यात जास्त नुकसान करतो. आपल्याकडे सामान्य नेमबाजाच्या हातात एआर येतच नाही. येते ती एअर रायफल किंवा .२२ (०.२२ इंची गोळीची छोटी रायफल). यांत तसे पिनेने जोडलेले दोन रिसीव्हर नसतात, अ‍ॅक्शन स्टॉकमध्ये, म्हणजे लाकडाच्या किंवा प्लास्टिकच्या कुंद्यात, स्क्रूने बसवलेली असते. त्यामुळे ‘हलतंय का’ हा पहिला प्रश्नच चुकीचा. साइट कशावर आहे, नळी कशावर आहे आणि या दोघींच्या मध्ये एखादा सांधा आहे का, हे आधी बघा.

मॅचच्या पीसीपी (आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणाऱ्या) रायफलीत नळी, अ‍ॅक्शन आणि साइटची रेल हा एकच कडक संच असतो. धक्का नगण्य. स्टॉकचा स्क्रू सैल असेल तर आवळावा, पण दहा गुणांचे आठ होण्याचं कारण सहसा तिथे सापडत नाही.

स्प्रिंगच्या रायफलीत मात्र स्टॉकचे स्क्रू खरोखर महत्त्वाचे. पिस्टन पुढे धावतो तेव्हा रायफल मागे सरकते, पिस्टन टोकाशी आदळला की पुढे ढकलली जाते. पेलेट, म्हणजे एअर रायफलची छोटी गोळी, बाहेर पडण्याआधीच रायफल हललेली असते, आणि ती कशी हलेल हे स्टॉकची पकड ठरवते. याच धक्क्यांनी पुढच्या भागाचे दोन बाजूचे स्क्रू आणि ट्रिगर गार्डचा स्क्रू हळूहळू सुटत जातात. स्क्रू काढा, आटे आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, लॉकटाइट २२२ चा (स्क्रू आपोआप सुटू न देणाऱ्या द्रवाचा) एक थेंब लावा, मग आवळा. स्टॉक प्लास्टिकचा असेल तर थेंब त्यावर सांडू देऊ नका, काही प्लास्टिकना त्याने तडे जातात. स्क्रूच्या डोक्याखालचं लाकूड दबलेलं असेल तर कप वॉशर घाला. नागदेवी स्ट्रीटला मापाचा वॉशर मिळतो. जुना स्क्रू सोबत न्या.

आणि तिसरी, नळी मोडून भरायची ब्रेक-बॅरल रायफल. सांध्याच्या ढिलाईने खरोखर नेम जातो तो इथे, आणि मेसेजमध्ये नेमकं हेच नाही. दुर्बीण मागच्या ट्यूबवर बसवलेली, नळी मात्र बिजागरीवर. नळी ४०० मिलिमीटर लांब धरा. तोंडाशी फक्त ०.१ मिलिमीटर बाजूला सरकली तर १० मीटरवर २.५ मिलिमीटर फरक पडतो. १० मीटर एअर रायफलच्या टार्गेटवर ही बरोबर एका रिंगची रुंदी आहे. त्याच रायफलीला पुढची-मागची दोन्ही साधी साइट नळीवरच असतील, तर हाच प्ले जवळपास निरुपद्रवी ठरतो.

तपासणी अशी. रायफल रिकामी असल्याची खात्री करून नळी बंद करा, तोंड डावी-उजवीकडे हलकं दाबा आणि सांध्याशी बोट ठेवा. टिचकी जाणवली तर बिजागरीचा बोल्ट बघा. तो इतकाच आवळायचा की रायफल कॉक केल्यावर (नळी मोडून स्प्रिंग दाबल्यावर) हाताची पकड सैल केली तरी नळी स्वतःच्या वजनाने न घसरता थांबावी, पण हाताने सहज हलावी. ही चाचणी करताना नळीवरचा हात सोडू नका आणि ट्रिगरला बोट लावू नका. ट्रिगर सुटला तर नळी जोरात मिटते आणि बोटं चिरडतात. बोल्ट आवळूनही बाजूचा प्ले राहत असेल तर दोन्ही बाजूंचे वॉशर झिजलेले आहेत. ते बदलावे लागतात. आणखी पिळल्याने फक्त सांधा चावतो.

‘स्क्रू पिळून घट्ट करा, जितकी घट्ट तितका ग्रुप लहान’

घट्टपेक्षा सारखं महत्त्वाचं. .२२ मध्ये अ‍ॅक्शनचा पाया सपाट बसलेला नसेल तर जास्त आवळल्याने अ‍ॅक्शनच वाकते. पुढचा स्क्रू सोडताना आणि आवळताना नळी व स्टॉक यांच्या फटीवर बोटाचं टोक ठेवा. नळी उचलली गेल्यासारखी वाटली तर बसणी चुकीची आहे. डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं उपकरण) लावलं तर ०.०५ मिलिमीटरपुढची हालचाल काळजीची. लाकडी स्टॉकच्या मॅच .२२ साठी साधारण ५ न्यूटन-मीटर हा टॉर्कचा, म्हणजे आवळण्याच्या जोराचा, आकडा वापरात आहे, पण तुमच्या रायफलीच्या पुस्तिकेतला आकडा अंतिम, आणि तो टॉर्क ड्रायव्हरनेच लावायचा. मनगटाच्या अंदाजाने अ‍ॅल्युमिनियमचे आटे जातात.

मुंबईचा पावसाळा वेगळाच घटक. अक्रोड किंवा बीचचं लाकूड दमट हवेत फुगतं, दिवाळीनंतर आकसतं. जूनमध्ये लावलेला टॉर्क डिसेंबरमध्ये तोच राहत नाही.

‘रबर, टेप किंवा एम-सील भरा’

टेपचा गोंद तेलाने आणि आपल्या उकाड्याने वितळतो, थर सरकतो, आणि त्याखाली अडकलेला ओलावा स्टीलला गंज चढवतो. रबर दर शॉटला दबतं, म्हणजे अ‍ॅक्शन परत त्याच जागी येईल याची खात्रीच जाते. एम-सील धातूला चिकटून बसतं आणि अ‍ॅक्शन स्टॉकमधून निघत नाही. खऱ्या बेडिंगमध्ये, म्हणजे अ‍ॅक्शनसाठी स्टॉकमध्ये पक्की बैठक तयार करताना, लगभोवतीचं दोन-तीन मिलिमीटर लाकूड काढतात, धातूवर रिलीज एजंट (इपॉक्सी चिकटू न देणारा थर) लावतात, मगच धातूची भुकटी मिसळलेलं इपॉक्सी भरून ते पूर्ण सुकू देतात.

हे काम .२२ वर परवानाधारक गनस्मिथकडूनच करून घ्या. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे बंदुकांच्या दुरुस्तीचा व्यवसाय करायलाही परवाना लागतो. ओळखीच्या लेथवाल्याकडे रायफल देऊ नका.

स्क्रू एकदा नीट आवळले की प्रत्येकाच्या डोक्यापासून स्टॉकपर्यंत नेलपॉलिशची बारीक रेघ ओढा. वरळीच्या रेंजवर जाण्याआधी एक नजर टाकली की पुरे. रेघ तुटली असेल तर स्क्रू फिरला आहे. रेघ जुळत असूनही ग्रुप पसरला, तर दुर्बिणीच्या माउंटचे स्क्रू, पीप साइटचा (बारीक छिद्रातून बघायच्या मागच्या साइटचा) क्लॅम्प आणि पेलेटची बदललेली बॅच, या क्रमाने तपासा.