"काडतूस बसत होतं तरी दिलं नाही" या अभिप्रायाला दुकानाकडून उत्तर

नमस्कार साहेब,

शनिवारी जुन्नरहून एवढ्या लांब येऊन आपल्याला रिकाम्या हाती परत जावं लागलं, त्याबद्दल दिलगीर आहे. गैरसोय झाली हे मान्य.

आता पुढचं. आपण एक तारा देऊन लिहिलंय की आजोबांच्या बारा बोअरच्या बंदुकीसाठी २५ काडतुसं मागितली, परवाना दाखवला, काडतूस बंदुकीत व्यवस्थित बसत होतं, तरी मालकांनी पाऊण तास बंदूक उलटीपालटी करून नकार दिला, वर अंगावर ओरडले, पुणेरी माज आहे, दुसऱ्या दुकानात दोन मिनिटांत माल मिळाला. माज वगैरे असू दे. पेठेत दुकान आहे म्हटल्यावर हा शब्द कानाला नवा नाही. पण "व्यवस्थित बसत होतं" हे जे आपण लिहिलंय, ते मला फार लागलं, कारण ते वाचणाऱ्याला वाटेल की ह्या माणसाने नुसता अडवणुकीसाठी माल दिला नाही.

साहेब, ते बसणारच होतं. आपल्या बंदुकीच्या नळ्या खाली उतरवल्यावर बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाऊसच्या, म्हणजे नळ्यांची चाचणी घेणाऱ्या संस्थेच्या, शिक्क्यांशेजारी अडीच इंच असं कोरलेलं मी आपल्याला भिंग देऊन दाखवलं. म्हणजे चेंबर, नळीत मागे काडतूस बसतं ती जागा, धंद्याच्या भाषेत ६५ मिमीचं. आपण मागत होता ती काडतुसं ७० मिमीची. आता गंमत अशी की डब्यावरचे ७० मिमी ही बार उडून गेल्यानंतर उघडलेल्या टोपणाची, म्हणजे काडतुसाच्या रिकाम्या कवचाची, लांबी असते. न उडवलेल्या काडतुसाचं तोंड आत दुमडलेलं असतं, त्यामुळे ते ६० मिमीच्या आसपास भरतं आणि ६५च्या चेंबरमध्ये सहज जातं. बंदूक बंदही होते, खट्ट आवाजही बरोबर येतो. घोळ होतो चाप ओढल्यावर. दुमडलेलं तोंड उघडायला जागा लागते आणि नेमकी तिथेच नळी निमुळती होत गेलेली असते. तोंड त्या निमुळत्या भागात शिरून वाट अरुंद करतं, छर्रे त्यातून कोंबले जातात आणि दाब वाढतो. त्यातून आजची ७० मिमीची काडतुसं बहुतेक जास्त भारी भरलेली असतात. त्या नळ्यांची चाचणी झाली त्या काळी तेवढा भार कुणी धरलेला नव्हता.

पहिल्याच बाराला नळी फुटली असती असं मी म्हणालो नव्हतो, आजही म्हणत नाही. कदाचित पंचवीसच्या पंचवीस निघाली असती. सांधा सैल झाला असता, खांद्याला धक्का जास्त बसला असता, आणि आपण म्हणाला असता की बघा, काही झालं नाही. म्हणूनच तर ही चूक वर्षानुवर्षं चालते.

"खडकीचा सरकारी माल आहे, त्यात काय खोट असणार" असंही आपण म्हणालात. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालचा आहे, त्या मालाला नावं ठेवणारा मी कोण. काडतूस उत्तमच आहे आणि बंदूकही उत्तम आहे. त्यांची जोडी जमत नाही, एवढंच.

राहिलं ओरडण्याचं. मी शिक्का वाचत असताना आपण काउंटरवरचं काडतूस न विचारता उचलून नळीत सारलंत, आणि नळ्यांची तोंडं दाराशी बसलेल्या आजींकडे होती. तेव्हा माझा आवाज चढला. पुन्हा तसं झालं तर पुन्हा चढेल. हे आपल्या अभिप्रायात कुठेच नाही.

तसाच आपला प्लास्टिकचा डबाही त्यात नाही. बोर्नव्हिट्याच्या बरणीत सगळी सुटी काडतुसं घालून आणली होतीत आणि "हीच द्या, अशीच" म्हणून ती काउंटरवर ओतलीत. त्यात मोठ्या छर्ऱ्याचं एसजी होतं, बारीक छर्ऱ्याचं चार नंबर होतं, आणि एक पिवळं होतं. ते पिवळं वीस बोअरचं. बोअरच्या हिशोबात आकडा वाढला की नळी बारीक होते: बाराची साधारण १८.५ मिमी, विसाची १५.६. वीस बोअरचं काडतूस बाराच्या चेंबरमधून घसरून पुढे जातं आणि निमुळत्या भागात अडकतं. मागून बघणाऱ्याला चेंबर रिकामं दिसतं. अंधारात, समोर रानडुक्कर, माणूस दुसरं बाराचं घालतो आणि चाप ओढतो. फुटते ती जागा डाव्या हाताच्या अगदी जवळ असते. वीस बोअर पिवळं ठेवायची पद्धत ह्याच भीतीपोटी पडली. आपल्या परवान्यावर फक्त बारा बोअर आहे, तेव्हा त्या पिवळ्याबद्दल इथे चारचौघांत मी अधिक लिहीत नाही.

आणि मेण लावून तोंड बंद केलेली ती तीन-चार, "काकांनी घरी भरलेली". आत काय आहे विचारलं तर आपण म्हणालात, दारू. कुठली दारू? काळी की बिनधुराची? काळ्या दारूच्या मापाने बिनधुराची भरली तर बंदूक हातात फुटते. टोपणावर छापलेलं काहीही असो, एकदा घरी भरलं की आतलं फक्त भरणाऱ्यालाच माहीत. असं काडतूस माझ्या काउंटरवर मी ठेवू देत नाही, मग गिऱ्हाईक कुणीही असो.

पाऊण तास लागला तो ह्या सगळ्याला. आपण साडेसातला आलात, दुकान आठला बंद होतं, मी साडेआठला शटर ओढलं. त्याचे पैसे घेतले नाहीत.

इतके प्रश्न आम्ही सगळ्यांनाच विचारतो. लोक येऊन "पॉइंट बत्तीस द्या" म्हणतात, म्हणजे ०.३२ इंच मापाची काडतुसं. कानपूरच्या रिव्हॉल्व्हरचंही बत्तीस आणि ईशापूरच्या पिस्तुलाचंही बत्तीस, पण काडतुसं वेगळी. पिस्तुलाचं काडतूस रिव्हॉल्व्हरच्या घरात पुष्कळदा बसतंही, आणि त्याचा दाब जास्त असतो. म्हणून आधी हत्यार कुठलं ते बघायचं, मग कपाट उघडायचं. ह्याला कुणी माज म्हणत असेल तर माझा इलाज नाही. हा परवान्यावरचा धंदा आहे. एक अपघात झाला तर माझं दुकान जाईल, आणि माणसाचा हात जाईल तो वेगळाच.

सुधारणा म्हणाल तर थांबणाऱ्यांसाठी बसायची सोय बघतोय, आणि चेंबरच्या लांबीचा मोठ्या अक्षरातला फलक लावायचं डोक्यात आहे. बोलण्याकडेही लक्ष देऊ.

तारा एकच ठेवायचा तर ठेवा. फक्त "व्यवस्थित बसत होतं" तेवढं काढा, किंवा त्याखाली चेंबर ६५चं होतं हे लिहा, कारण आजोबांची बंदूक घरात असलेला दुसरा कुणीतरी ते वाचेल. ६५ मिमीची काडतुसं आपल्यासाठी मागवायला सांगितली आहेत. दुसऱ्या दुकानातून घेतलेली ७०ची उडवू नका. फोन करून या, परवाना आणा, बरणी आणू नका, आणि जमलं तर शनिवारी सातनंतर नको.

– दुकानमालक