आशीर्वाद चालतो, भाडेकरू नको

"ताई, तुमच्या जर्मनीत सिग्नलला कुणी टाळी वाजवून पैसे मागतं का?" चुलतभावानं फॅमिली ग्रुपवर विचारलं आणि खाली अंगठ्यांची रांग लागली. निमित्त त्याच्या पुण्यातल्या सोसायटीचं. कुणाकडे नातू झाला, तृतीयपंथी आले, पाच हजारांवरून घासाघीस झाली आणि दुसऱ्या दिवशी गेटवर पाटी लागली, यांना आत सोडू नये. सिग्नलवरच्या वसुलीला पुणे पोलिसांनी 2024 मध्ये मनाई केलीच होती, मग आम्ही का नाही, हा त्याचा मुद्दा.

नाही मागत इथं कुणी. माझ्या ऑफिसातल्या एकीनं गेल्या वर्षी श्टांडेसाम्टमध्ये, म्हणजे इथल्या जन्म-विवाह नोंदणी कार्यालयात जाऊन नाव आणि लिंगनोंद बदलून घेतली. सोमवारी मेलखाली नवं नाव, किचनमध्ये तिनं आणलेला केक आणि दहाला नेहमीची मीटिंग. पगार तोच. टाळी वाजवायची वेळच आली नाही तिच्यावर. आपल्याकडे पोराला घरातून हाकलायचं, तो तृतीयपंथीयांच्या गुरूकडे जाऊन चेला झाला, मंगतीवर जगू लागला, की विचारायचं, धडधाकट असून काम का करत नाहीत? या वाक्याचा मला संताप येतो. काम देतं कोण?

इथले लोक पूर्वीपासून शहाणे होते असंही नाही. नोंद बदलायची तर आधी शस्त्रक्रिया करून वंध्य व्हा, ही अट इथल्या घटनात्मक न्यायालयानं 2011 मध्ये काढली. नुसत्या अर्जावर काम व्हायला नोव्हेंबर 2024 उजाडला. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं 2014 मध्येच तृतीयपंथी ही ओळख मान्य केली, ठाण्याच्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी त्या खटल्यात उभ्या होत्या. माळशिरस तालुक्यातल्या तरंगफळनं 2017 मध्ये तृतीयपंथी ज्ञानेश्वर कांबळेंना सरपंच केलं. एका खेड्याला जमलं ते गेटवर कॅमेरे लावलेल्या सोसायटीला जमत नाही.

याच भावाच्या बारशाला मिरजेच्या वाड्यात तृतीयपंथी आले होते. आजीनं सुपात तांदूळ, नारळ आणि खण आणला. त्यांच्यातल्या थोरल्या बाईंनी बाळाला मांडीवर घेऊन दृष्ट काढली, मिळालेल्या पैशातला एक रुपया आजीच्या हातात परत ठेवला, "बाळाच्या नावानं जपून ठेव, माय." आजी पाया पडली. चहा मात्र ओट्यावरच दिला आणि त्या कपबश्या तुळशीच्या कट्ट्यावर वेगळ्या राहिल्या.

मी ग्रुपवर तीनदा लिहिलं आणि तीनदा खोडलं, कारण गेल्या दिवाळीत माझ्या हडपसरच्या फ्लॅटसाठी एजंटचा फोन आला होता. भाडेकरू कॉल सेंटरला, डिपॉझिट एकरकमी द्यायला तयार. "मॅडम, फक्त एक आहे, तृतीयपंथी आहेत." मी म्हणाले, माझी काही हरकत नाही हो, पण सोसायटी ऐकणार नाही. सोसायटीला मी विचारलंच नव्हतं. घर भाड्यानं देताना असा भेदभाव करू नये, हे तृतीयपंथीयांच्या हक्कांच्या 2019 च्या कायद्यात लिहिलंय, तेही मला माहीत होतं. आणि म्युनिकमध्ये घर शोधताना आडनाव बघून ज्यांना कुणी उत्तरच दिलं नाही, त्या एकतीस मेल मी अजून जपून ठेवल्यात.

शेवटी भावाला एवढंच लिहिलं, तुझ्या बारशाचा तो रुपया काकूच्या देवघरात आहे, काढून बघ. फ्लॅटचं तिथं लिहायचं धाडस झालं नाही.