गेमिंग क्लबमुळे वायफाय स्लो? नाही हो!

कालपासून ग्रुपवर फिरतंय की गेमिंग क्लबवाले नेट खातात म्हणून आपली सबमिशन्स अपलोड होत नाहीत. लॅबचं नेटवर्क मीच बघतो, तसं नाहीये. काउंटर स्ट्राइक खेळताना तासाला काहीशे एमबी जातात फारतर, कँटीनमध्ये वडापाव खात एचडी व्हिडिओ बघणारा कितीतरी जास्त ओढतो. गेमला स्पीडपेक्षा पिंग (सर्व्हरपर्यंत सिग्नल जाऊन परत यायचा वेळ) कमी असणं महत्त्वाचं, बस. खरा राक्षस म्हणजे गेमचा अपडेट, कित्येक जीबीचा, आणि तो भरदुपारी सगळ्यांनी एकदम लावला की संपलंच, ते मात्र एकदा झालंय, क्लबचीच चूक. आता अपडेट रात्री एकाच पीसीवर उतरवतात, बाकीचे लोकल नेटवर्कवरूनच कॉपी करतात, स्टीममध्ये (गेम उतरवायचं ॲप) २०२३ पासून ही सोय आहे. क्लबचे पीसी वेगळ्या व्हीलॅनवर (त्याच नेटवर्कमधला स्वतंत्र कप्पा) टाकलेत. शेवटच्या दिवशी रात्री पावणेबाराला पीडीएफ अपलोड करायला बसणाऱ्यांचं काय करायचं ते मला विचारू नका.